कागद सोसायटीला हवाय, पण झुल्यावर तुमची पोरं आहेत

पत्र थोडक्यात असं: पुण्यात बरीच वर्षं रंगकामाचा धंदा करणारे एक ठेकेदार लिहितात. स्वतः लांबी (भिंतीची पुट्टी) घासण्यापासून सुरुवात केली, आता हाताखाली सात पोरं आहेत. काम मोठं असलं की नाक्यावरून आणखी तीन-चार जण येतात. आजवर फ्लॅट आणि बंगले केले. आता पहिल्यांदाच एका बारा मजली सोसायटीचं बाहेरचं काम मिळतंय, झुल्यावर, म्हणजे गच्चीवरून दोरीने सोडलेल्या बैठकीवर बसून करायचं. पाऊस थांबला की सुरू करायचंय. पण कमिटीने अट घातली आहे: आधी 25 लाखांचा ‘पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स’ दाखवा. सेक्रेटरींचा भाऊ लंडनला असतो, त्याच्याकडे आलेल्या पेंटरने म्हणे ब्रशला हात लावायच्या आधी हा कागद दाखवला होता. ओळखीचा एजंट म्हणतो, पोरांचा अपघात विमा काढून देतो, तेच चालेल. एका मित्र ठेकेदाराने स्वतःच्या पॉलिसीची झेरॉक्स देऊ केली आहे. घरी बायकोचं मत असं की विमा कंपन्या वेळेला हात वर करतात, त्यापेक्षा पोरांकडून ‘आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर चढतो’ असं लिहून घ्यावं. मागच्या वर्षी एका बंगल्याच्या ग्रिलला स्प्रे मारताना शेजाऱ्याच्या गाडीवर रंग उडाला, त्याचे 38 हजार खिशातून गेले. ते विचारतात: विमा काढू, कागद दाखवून वेळ मारून नेऊ, की कामच सोडून देऊ?

दादा, काम सोडू नका. झेरॉक्सचा विषय मात्र इथेच संपवा. पॉलिसी ज्याच्या नावाची, त्याच्याच कामाला ती लागू. तुमच्या साइटवर काही घडलं तर त्या कागदाने एक रुपया मिळणार नाही, वर फसवणुकीचं प्रकरण अंगाशी येईल, तुमच्या आणि त्या मित्राच्याही.

आता नावाचा घोळ सोडवू, कारण एजंटकडे जाऊन नुसतं ‘पब्लिक लायबिलिटी द्या’ म्हणालात तर भलतीच पॉलिसी हातात पडू शकते. आपल्याकडे या नावाचा एक कायदाच आहे, 1991 सालचा. 1984 च्या भोपाळ वायुकांडानंतर तो झाला. घातक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यांनी आसपासच्या लोकांसाठी विमा काढलाच पाहिजे, असं तो सांगतो. थिनरचे चार डबे वापरता, तेवढ्याने तुम्ही त्यात येत नाही. तुम्हाला हवा आहे तो साधा, ऐच्छिक विमा: तुमच्या किंवा तुमच्या माणसांच्या हलगर्जीपणामुळे बाहेरच्या कुणाला इजा झाली किंवा त्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं आणि कायद्याने ते भरून द्यायची वेळ आली, तर ती रक्कम आणि वकिलाचा खर्च देणारा. बाजारात तो ‘नॉन-इंडस्ट्रियल पब्लिक लायबिलिटी’ किंवा ‘कमर्शियल जनरल लायबिलिटी’ (बोलताना सीजीएल) या नावांनी मिळतो. एजंटला हे शब्द आणि ‘उंचीवरचं बाहेरचं रंगकाम’ एवढं एका वाक्यात सांगा. तो गोंधळला तर दुसरा एजंट शोधा. गाडीचे आणि मेडिक्लेमचे विमे विकणाऱ्या बऱ्याच जणांनी ही पॉलिसी आयुष्यात विकलेली नसते.

तुमच्या 38 हजारांचंच उदाहरण घेऊ. ती गाडी शेजाऱ्याची, म्हणजे तिऱ्हाइताची. वारा असताना आडोसा न लावता स्प्रे मारला हा हलगर्जीपणा. विमा असता तर हा दावा साधारणपणे बसला असता. पण सगळे 38 हजार मिळाले असते असं नाही. प्रत्येक दाव्यात पहिली ठरावीक रक्कम तुम्ही सोसायची असते, तिला एक्सेस म्हणतात, आणि ती 25 हजार असेल तर तुमच्या हातात 13 हजारच आले असते. म्हणून कोटेशन बघताना प्रीमियमच्या आधी एक्सेस बघा. आणि स्प्रेने उडालेला रंग वगळलेला नाही ना, हे लेखी विचारा.

त्याच बंगल्यात हॉलमधला टीव्ही तुमच्या पोरांनी सरकवताना फोडला असता तर? इथे बहुतेक पॉलिसी अडतात. जी वस्तू काही काळ तुमच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली होती तिचं नुकसान सहसा वगळलेलं असतं. आतल्या कामात सर्वाधिक भांडणं याच वस्तूंवरून होतात: सरकवलेला फ्रिज, खाली उतरवलेलं झुंबर, भिंतीवरून काढलेली तसबीर. तसंच, तुमचाच रंग सहा महिन्यांत पोपडे धरून निघाला तर पुन्हा मारून द्यायचा खर्च विमा देत नाही. तुमच्या कामाच्या दर्जाची हमी तुम्हीच द्यायची. पण खिडकीच्या वरची फट बुजवायची राहिली, पाणी आत गेलं आणि कुणाचा लाकडी फ्लोअर फुगला, तर फ्लोअरचा दावा होऊ शकतो. फट बुजवायला पुन्हा झुला टाकावा लागला, तो खर्च तुमचा.

सेक्रेटरींच्या लंडनबद्दलही थोडं सांगते, कारण तुमच्या पत्रातली खरी गफलत तिथेच आहे. ब्रिटनमध्येही पेंटरला पब्लिक लायबिलिटी विमा कायद्याने सक्तीचा नाही. गिऱ्हाईक मागतं, म्हणून तिथले पेंटर काढतात. सक्ती आहे ती दुसऱ्याच विम्याची: हाताखाली माणसं असतील तर त्यांच्या इजेसाठी मालकाने काढायच्या विम्याची. कायदा 1969 चा, आणि किमान रक्कम 50 लाख पौंड. म्हणजे सेक्रेटरींनी तिथून जी अट आणली ती गाड्यांची आणि खालून जाणाऱ्या लोकांची काळजी घेते. झुल्यावर बसलेल्यांसाठी ती काहीच करत नाही. तुमचं अख्खं पत्र गाड्या, कमिटी आणि कागद यांबद्दल आहे. पोरं त्यात येतात ती मोजण्यापुरती, नाहीतर कागद मिळवण्यापुरती.

तुमचा सर्वांत मोठा धोका तिथे आहे. बारा मजली इमारतीवरून रंग उडाला तर हजारांचं नुकसान. माणूस पडला तर काय होतं, ते आकड्यांत बघा. कामावर इजा झालेल्या कामगाराला मालकाने भरपाई द्यायची ही तरतूद 1923 च्या कायद्यापासून आहे. नोव्हेंबर 2025 पासून ती सामाजिक सुरक्षा संहितेत गेली, पण हिशेबाची रीत तीच. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराच्या निम्मी रक्कम, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला एक आकडा. तीस वर्षांच्या माणसासाठी तो आकडा 207.98 आहे. पगार कितीही असला तरी हिशेबात 15 हजारांपर्यंतच धरतात, ही मर्यादा 2020 च्या अधिसूचनेची. म्हणजे 7,500 गुणिले 207.98, सुमारे 15 लाख 60 हजार. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या 60 टक्के धरून 18 लाख 70 हजारांच्या वर. उपचारांचा खर्च वेगळा. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर निम्म्या रकमेपर्यंत दंड. या कामात तुम्हाला सगळं जाऊन किती सुटणार आहेत, त्याच्याशी हे ताडून बघा.

वहिनींनी सुचवलेला कागद बऱ्याच ठेकेदारांच्या डायरीत असतो. ‘मी माझ्या जबाबदारीवर काम करत आहे, काही बरेवाईट झाल्यास मालक जबाबदार नाही’, खाली अंगठा किंवा सही, कधी शंभराच्या स्टॅम्प पेपरवर. भरपाईचा हक्क सोडून देणारा असा कोणताही करार कायद्याने रद्दबातल आहे. स्टॅम्प पाचशेचा घेतला तरी. उलट तो कागद दाखवतो की धोका तुम्हाला आधीपासून ठाऊक होता. नाक्यावरचा माणूस ‘रोजंदारीचा’ म्हणूनही तुम्ही सुटत नाही. मुकादमाने आणलेला असेल तर भरपाई पहिल्यांदा तुमच्याकडून वसूल होऊ शकते, नंतर तुम्ही मुकादमाच्या मागे लागायचं. ‘बेल्ट दिला होता, त्याने लावला नाही’ किंवा ‘पिऊन चढला होता’ हा बचाव किरकोळ इजेत चालतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर चालत नाही. हे सांगितलं की ठेकेदार चिडतात, अन्याय आहे म्हणतात. मला तसं वाटत नाही. कुणाला वर पाठवायचं आणि कुणाला खालूनच परत धाडायचं, हे सकाळी साइटवर तुम्ही ठरवता.

तेव्हा पहिली पॉलिसी पोरांची. हिला अजूनही ‘वर्कमेन कॉम्पेन्सेशन’ किंवा नुसतं ‘डब्ल्यूसी’ म्हणतात. कागदावर ‘एम्प्लॉइज कॉम्पेन्सेशन’ असतं. ती एका कामापुरतीही काढता येते आणि माणसांची नावं न देता, संख्या आणि पगार सांगूनही. इथे मोह एकच: प्रीमियम पगारावर ठरतो म्हणून पगार कमी दाखवायचा, अकरा जणांचे सात सांगायचे. दाव्याच्या वेळी कंपनी हजेरीवही मागते, आणि वहीत अकरा नावं निघाली की मग ‘कंपनीने हात वर केले’ म्हणायला जागा राहत नाही. दोन गोष्टी मुद्दाम जोडून घ्या. उपचारांच्या खर्चाची वाढीव कलमं, कारण मूळ पॉलिसीत हॉस्पिटलचं बिल येईलच असं नाही. आणि मुकादमाच्या माणसांना सामावून घेणारं कलम. दंड मात्र कोणतीही पॉलिसी सहसा भरत नाही, तो टाळायचा असेल तर अपघाताची खबर वेळेत द्यायची. माणसं दहा किंवा त्याहून जास्त झाली की ईएसआयसी (सरकारची कर्मचारी राज्य विमा योजना) लागू होते का, हे एकदा तुमच्या सीएला विचारून घ्या. तुमचं सात अधिक चार हे गणित नेमकं त्याच उंबरठ्यावर आहे.

एजंट दाखवतोय तो अपघात विमा वाईट नाही. पण त्याचे पैसे पोराच्या घरी जातात, आणि तुमची कायदेशीर जबाबदारी जागच्या जागी राहते. दोन्ही असावेत. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपये खात्यातून जातात आणि अपघाती मृत्यूला 2 लाख मिळतात. बँक खातं असलेल्या प्रत्येक पोराचा फॉर्म एका दुपारी भरून होईल. त्याच दुपारी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीचंही बघा. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो तुम्हीच देऊ शकता. कित्येक पोरांची नोंदणी केवळ ठेकेदाराने सही टाळली म्हणून राहते. आपलं नाव सरकारी कागदावर येईल ही भीती असते.

दुसरी पॉलिसी सोसायटीची. 25 लाखांचा आकडा ऐकून तुम्ही दचकलात, पण मला तो थोडका वाटतो. झुल्यावरून लांबीची बादली सुटली आणि खालून जाणारा कमावता माणूस गेला, तर 25 लाखांत ते भागेलच असं नाही. 50 लाखांचंही कोटेशन मागवा. रक्कम दुप्पट केली म्हणून प्रीमियम दुप्पट होतोच असं नसतं. कोटेशनवर एका घटनेची मर्यादा आणि वर्षभराची मर्यादा असे दोन आकडे असतात. दोन्ही 25 लाखच असतील तर एकाच दाव्यात पॉलिसी रिकामी होऊ शकते. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच लायबिलिटी पॉलिसी ‘क्लेम्स-मेड’ असतात, म्हणजे दावा दाखल होताना पॉलिसी चालू असावी लागते. डिसेंबरात काम संपलं, पॉलिसी संपली, आणि फेब्रुवारीत कुणाची नोटीस आली तर? काम संपल्यानंतर किती दिवसांपर्यंत आलेला दावा धरणार, हे आधीच विचारा.

आता वहिनींच्या मुख्य शंकेकडे येते. विमा कंपन्या हात वर करतात का? करतात. दाव्यांच्या टेबलाच्या पलीकडे मी बरीच वर्षं बसले आहे, तेव्हा हे बाहेरून ऐकलेलं नाही. काही वेळा कंपनी आडमुठेपणा करते, पण नाकारलेल्या दाव्यांत एक नेहमीचा प्रकार असा: प्रस्तावाच्या अर्जात ‘व्यवसाय’ या रकान्यात एजंटने लिहिलेलं असतं ‘पेंटिंग काँट्रॅक्टर’, बस्स. उंची किती, झुला की परांची, स्प्रे होतो का, जुना रंग काढायला ब्लोलॅम्प वापरता का, काही नाही. अपघात अकराव्या मजल्यावरचा. कंपनी म्हणते, आम्ही घरातलं रंगकाम समजून विमा दिला होता. म्हणून अर्ज एजंटला भरू देऊ नका, किंवा भरला तर सही करण्याआधी मोबाइलवर फोटो काढून घरी वाचा. ‘36 मीटर उंचीपर्यंत, दोरीचा झुला’ असं जे खरं असेल ते लिहा. प्रीमियम वाढेल. वाढू द्या.

घटना घडल्यावरची एक अट तुम्हाला पटणार नाही. कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल करायची नाही आणि पैसे द्यायचं वचन द्यायचं नाही. तुमच्यासारख्या माणसाचा पहिला शब्द असतो, ‘साहेब, चूक झाली, भरून देतो.’ माणूस म्हणून हे चांगलंच, पण त्या एका वाक्याने दावा अडचणीत येऊ शकतो. मग गप्प बसायचं? नाही. जखमी असेल तर आधी हॉस्पिटल. गाडीवर रंग पडला असेल तर ‘फोटो काढून घेतो, विमा कंपनीला आजच कळवतो, त्यांचा सर्व्हेअर येईल’ एवढं बोला आणि त्याच दिवशी ईमेल करा. तोंडी एजंटला सांगितलं म्हणजे कंपनीला कळवलं असं समजू नका. आणि दावा चुकीचा नाकारला गेलाच, तर तुमच्यासारख्या एका मालकाच्या किंवा सूक्ष्म धंद्याला इन्शुरन्स ओम्बड्समनकडे (विमा लोकपालाकडे) फुकट तक्रार करता येते. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे, आणि 50 लाखांपर्यंतचा निवाडा ते देऊ शकतात.

सोसायटीचा करार मला पाठवला नाहीत, पण त्यात ‘कामादरम्यान होणाऱ्या कोणत्याही नुकसानीस ठेकेदार पूर्णतः जबाबदार राहील’ अशी ओळ असणार हे मी धरूनच चालते. ती बदलून घ्या: ‘ठेकेदाराच्या किंवा त्याच्या माणसांच्या हलगर्जीपणामुळे होणाऱ्या’. विमा कायद्याने येणारी जबाबदारी उचलतो. करारात तुम्ही हौसेने जास्तीची ओढवून घेतली तर ती तुमच्या खिशावर. आणि हा फरक कागदी नाही. झुल्याची दोरी गच्चीवर ज्याला बांधणार ती पॅरापेटची भिंत, म्हणजे गच्चीचा कठडा, सोसायटीची. ती पोकळ झाली असेल, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या वेळी फोडून पुन्हा नुसत्या विटांवर उभी केली असेल, तर ते कमिटीला ठाऊक, तुम्हाला नाही. बांधायच्या जागा त्यांच्या इंजिनिअरकडून लेखी घ्या. दोरी जिथे कठड्याच्या धारेवरून वाकते तिथे गोणपाटाची जाड घडी घालायची आणि दर सकाळी ती सरकली नाही ना ते बघायचं, हे काम तुमचं. पोराच्या बेल्टची दोरी झुल्याच्या दोरीला बांधलेली नको, वेगळी आणि वेगळ्या जागी अडकवलेली हवी. नाहीतर झुला तुटला की बेल्टही त्याच्याबरोबरच खाली येतो.

गाड्यांचंही करारातच येऊ द्या. रोज कोणत्या बाजूला काम आहे ते आदल्या संध्याकाळी बोर्डावर आणि ग्रुपवर टाकणं तुमच्याकडे, गाड्या हलवून घेणं कमिटीकडे. कामाच्या पहिल्या दिवशी खालच्या सगळ्या गाड्यांचा एक व्हिडिओ काढून ठेवा. जुने ओरखडे नव्या रंगाच्या नावावर खपवणारे लोक चांगल्या सोसायट्यांतही असतात.

पैशांबद्दल: दोन्ही प्रीमियम इस्टिमेटमध्ये वेगळ्या ओळीत दाखवा, 18 टक्के जीएसटीसकट. चौरस फुटाच्या दरात लपवलात तर दुसरा ठेकेदार स्वस्त दिसेल. वेगळी ओळ असली की कमिटीला त्याला विचारावं लागेल, ‘तुझ्यात ही ओळ का नाही?’ अट त्यांनीच घातली आहे, तेव्हा ही ओळ कापायला त्यांना अवघड जाईल. कापलीच, तर निदान डब्ल्यूसीची ओळ सोडू नका. त्यावर काम तुटत असेल तर तुटू द्या.

हे सगळं वाचून एकटा-दुकटा काम करणारा पेंटर म्हणेल, माझं काय? हाताखाली कुणी नसेल तर आधी स्वतःचा अपघात विमा आणि मेडिक्लेम बघा. तिऱ्हाइताचा विमा त्यानंतर, आणि ज्या गिऱ्हाइकाकडे इटालियन मार्बल किंवा महागडी लाकडं आहेत त्याचं काम घेण्याआधी नक्की. घर रंगवून घेणाऱ्यांनी पेंटरला विम्याचं जरूर विचारावं, पण दर पाडून मग विमा मागू नये. आणि कमिटीच्या सभासदांनी सर्टिफिकेट घेताना चार गोष्टी स्वतः वाचाव्यात: नाव कुणाचं, पत्ता आपल्या साइटचा आहे का, तारखा काम संपेपर्यंतच्या आहेत का, आणि उंचीचा उल्लेख आहे का. फाइलला लावून मोकळं होणारे सेक्रेटरी मी पुष्कळ पाहिलेत.

तुमच्या हातात पावसाळा आहे. उंचीच्या कामाला कंपन्या प्रश्न विचारतात, कधी साइट बघायला माणूस पाठवतात, त्यात दिवस जातात. तेव्हा या आठवड्यात निदान तीन ठिकाणांहून दोन्ही पॉलिसींची लेखी कोटेशनं मागवा, त्यात एक सरकारी कंपनी असू द्या. एक्सेस आणि वगळलेल्या गोष्टींचं पान आल्याशिवाय कोटेशन पूर्ण आलं असं धरू नका. ते पान वहिनींना वाचायला द्या. शंका काढायची त्यांची सवय इथे तुमच्या एजंटपेक्षा जास्त कामाला येईल.